मदत हवी आहे: चीनमध्ये आरोपीने कबुलीवर सही केली की कोर्टाच्या हातात काय उरतं?

नमस्कार मंडळी,

एलएलएमच्या (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) डिझर्टेशनसाठी पोलिसांपुढच्या कबुलीजबाबावर काम करते आहे. तुलनेला चीन घेतलाय आणि एका जागी अडकले आहे.

विषय मनात बसला तो हेनान प्रांतातल्या झाओ झुओहाईमुळे. १९९९ मध्ये गावच्या विहिरीत मुंडकं नसलेलं प्रेत सापडलं. गावातला एक जण आधीपासून बेपत्ता होता, संशय झाओवर आला. पोलिसांनी मारून मारून नऊ वेळा कबुली घेतली. २००२ मध्ये मृत्युदंड सुनावला, दोन वर्षांच्या स्थगितीसह, म्हणून तो वाचला. ३० एप्रिल २०१० ला 'मेलेला' माणूस गावात परत आला! अकरा वर्षं गेली हो त्या माणसाची.

त्याच वर्षी जूनमध्ये जबरदस्तीची कबुली पुराव्यातून वगळण्याचे नियम आले, २०१२ मध्ये ते फौजदारी प्रक्रिया कायद्यात गेले. २०१४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने ठरवलं की खटल्याचा केंद्रबिंदू कोर्टातली सुनावणी असावी, तपासाची फाइल नव्हे. इथपर्यंत सगळं एका दिशेने जातं.

गोंधळ त्याच कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीचा. गुन्हा आणि शिक्षा दोन्ही मान्य करा, सवलत मिळवा. आपल्याकडचं प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची तडजोड) साधारण सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांपुरतं आहे, तिथे कुठलाही गुन्हा चालतो. आरोपी वकिलासमोर प्रोक्युरेटोरेटकडे (खटला चालवणारी सरकारी यंत्रणा) सही करतो, आणि कलम २०१ म्हणतं की प्रोक्युरेटोरेटने सुचवलेली शिक्षा कोर्टाने 'सर्वसाधारणपणे' मान्य करावी. आता ८० टक्क्यांहून अधिक प्रकरणं अशीच जातात.

उद्या दुसरा झाओ अशी सही करून उभा राहिला, तर न्यायाधीश त्याला कुठल्या कलमाने वाचवू शकतो?

आणखी एक. प्रोक्युरेटोरेटला मराठीत काय म्हणू? 'सरकारी वकील' बसत नाही, कारण अटकेला मंजुरीही तेच देतात आणि कोर्टांवर देखरेखही त्यांचीच.

प्रतिसाद १

ताई, कलम ५५ बघा. नुसत्या कबुलीवर दोषी ठरवता येत नाही, दुसरा पुरावा लागतो. कलम १९० प्रमाणे सही राजीखुशीने झाली का, हे न्यायाधीशाने सुनावणीत तपासायचं असतं. आणि २०१ मध्येच अपवाद आहेत: कबुली मनाविरुद्ध असेल किंवा आरोपी कोर्टात नाकारत असेल, तर शिफारस बंधनकारक नाही.

पण खरी अडचण कलम २२२ ते २२५ मध्ये आहे. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे खटले आरोपीच्या संमतीने एकच न्यायाधीश जलद चालवतो. पुराव्याची तपासणी आणि युक्तिवाद सहसा होत नाहीत, निकाल साधारण दहा दिवसांत. तपासायला वेळच कुठे आहे? तुमचा प्रबंध इथे उभा करा.

शब्दाचं म्हणाल तर 'अभियोग व देखरेख कार्यालय'. लांब आहे, पण अर्थ सांडत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार दादा. १९० माझ्या नजरेतून सुटलं होतं. आता एकच विचारते: कलम ५२ म्हणतं स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, १२० म्हणतं चौकशीत खरं उत्तर दिलंच पाहिजे. तिथले वकील अशिलाला नेमकं काय सांगतात? चिनी वाचणारं कुणी असेल तर कृपया लिहा, सबमिशनला तीन आठवडे आहेत.