2023 चा सर्वोत्तम मुष्टियोद्धा कोण: इनोउए की क्रॉफर्ड?

डावखुरा (धागाकर्ता)

'द रिंग' या मुष्टियुद्धविषयक नियतकालिकाने 2023 चा सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून जपानच्या नाओया इनोउएची निवड केली. इनोउएच्या गुणवत्तेविषयी मला तिळमात्र शंका नाही. मात्र त्या वर्षीचा मान अमेरिकेच्या टेरेन्स क्रॉफर्डचा होता, असे माझे ठाम मत आहे.

29 जुलै 2023 रोजी लास व्हेगासमध्ये क्रॉफर्ड आणि एरल स्पेन्स समोरासमोर आले, तेव्हा दोघेही अपराजित होते. वेल्टरवेट (147 पौंडांच्या) गटातील चार प्रमुख पट्ट्यांपैकी, म्हणजे चार जागतिक संघटनांच्या विजेतेपदांपैकी, तीन स्पेन्सकडे आणि एक क्रॉफर्डकडे होता. ही लढत व्हावी म्हणून चाहत्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली होती, आणि ती शेवटच्या फेरीपर्यंत अटीतटीची होईल असेच बहुतेक जाणकार सांगत होते. प्रत्यक्षात क्रॉफर्डने स्पेन्सला दुसऱ्या फेरीत एकदा व सातव्या फेरीत दोनदा खाली पाडले आणि नवव्या फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली. त्या क्षणी तिन्ही परीक्षकांच्या कागदावर 79-70 असे एकसारखे गुण होते. आपल्याच तोडीचा मानल्या गेलेल्या प्रतिस्पर्ध्याला इतके निष्प्रभ केल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील. चार पट्ट्यांच्या काळात दोन वजनगटांत निर्विवाद, म्हणजे चारही पट्टे असलेला, विजेता ठरलेला पहिला पुरुष मुष्टियोद्धाही त्या रात्री क्रॉफर्डच झाला. इनोउएने तो टप्पा त्यानंतर पाच महिन्यांनी गाठला.

जुना प्रेक्षक

क्रॉफर्डची ती रात्र अद्वितीय होती हे मान्य करूनच मी विरोधी बाजू मांडतो. पुरस्कार वर्षाचा आहे आणि त्या वर्षात क्रॉफर्ड रिंगणात एकदाच उतरला. सर्वोत्तम लढत किंवा सर्वोत्तम कामगिरी यांचा विचार स्वतंत्रपणे करता येतो.

आता इनोउएचे वर्ष पाहा. डिसेंबर 2022 मध्ये पॉल बटलरला हरवून तो 118 पौंडांच्या बँटमवेट गटात निर्विवाद विजेता झाला होता. तिथेच थांबून सोप्या लढती घेणे त्याला सहज शक्य होते. त्याऐवजी तो 122 पौंडांच्या गटात गेला, आणि तेथील पहिलीच लढत त्याने स्टीफन फुल्टनशी घेतली. फुल्टन अपराजित होता, त्याच्याकडे दोन पट्टे होते, उंची आणि हातांची लांबी त्याच्या बाजूने होती आणि अंतर राखून खेळण्यात तो वाकबगार मानला जात असे. इनोउएच्या हाताच्या दुखापतीमुळे मे महिन्यातील ही लढत पुढे ढकलावी लागली आणि 25 जुलैला टोकियोत झाली. पहिल्या फेरीपासून जॅबच्या (पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशांच्या) लढाईत, म्हणजे फुल्टनच्याच हुकमी विद्येत, इनोउए वरचढ ठरला. आठव्या फेरीत त्याने पोटावर जॅब मारून फुल्टनचे लक्ष खाली ओढले, लगेच उजव्या हाताचा सरळ ठोसा चेहऱ्यावर लगावला आणि पाठोपाठच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) त्याला पाडले. मागच्या कित्येक फेऱ्यांत तो पोटावर जॅब मारत होता तो याच क्षणाच्या तयारीसाठी, हे तेव्हा लक्षात आले. ही लढत पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे.

त्यानंतर 26 डिसेंबरला त्याने उरलेल्या दोन पट्ट्यांचा मानकरी मार्लन तापालेस याला चौथ्या फेरीत पाडले आणि दहाव्या फेरीत बाद केले. नव्या वजनगटात पाऊल ठेवल्यावर अवघ्या दोन लढतींत, तेही एकाच वर्षात, दोन विद्यमान विजेत्यांकडून त्याने चारही पट्टे मिळवले. स्पेन्सला हरवण्याआधी क्रॉफर्ड वेल्टरवेट गटात पाच वर्षांपासून विजेता होता. इनोउए मात्र या गटात नवखा होता.

डावखुरा

लढतींची संख्या हा निकष असेल, तर 'द रिंग'चाच इतिहास आड येतो. 1985 मध्ये मार्विन हॅगलरने एकच लढत दिली, टॉमस हर्न्सविरुद्धची ती तीन फेऱ्यांची. तरी डोनाल्ड करीसोबत त्याला हा सन्मान विभागून मिळाला. 2020 मध्ये टायसन फ्युरी आणि टिओफिमो लोपेझ हे दोघे संयुक्त विजेते ठरले, आणि त्या दोघांनीही त्या वर्षी एकेकच लढत दिली होती. असे असताना क्रॉफर्डलाच एकुलत्या लढतीची शिक्षा का?

प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाबद्दलही बोलायला हवे. तापालेस चिवट आणि प्रामाणिक लढवय्या आहे, परंतु इनोउएसमोर येण्यापूर्वी तो तीनदा हरलेला होता आणि त्याचे पट्टे त्याला त्याच वर्षी एप्रिलमध्ये, परीक्षकांचे मत विभागलेल्या निकालाने मिळाले होते. त्याला स्पेन्सच्या पंक्तीत बसवता येणार नाही. शिवाय फुल्टन हा गुणांवर जिंकणारा मुष्टियोद्धा होता, त्याच्या एका ठोशाने सामना फिरेल ही भीती नव्हती. स्पेन्सच्या बाबतीत ती शेवटपर्यंत होती.

तटस्थ

आपण दोघेही डेव्हिन हेनीला विसरलात. मे महिन्यात त्याने युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोला हरवून लाइटवेटचे चारही पट्टे राखले आणि डिसेंबरमध्ये वरच्या गटात जाऊन रेजिस प्रोग्रेसविरुद्ध तिन्ही परीक्षकांकडून 120-107 असे गुण मिळवले.

जुना प्रेक्षक

हेनीचा उल्लेख योग्य आहे, पण लोमाचेन्कोवरील विजयाविषयी आजही वाद आहे आणि तो लोमाचेन्कोनेच जिंकायला हवा होता असे मानणारे अनेकजण आहेत. ज्याच्या वर्षातील मुख्य विजयच वादग्रस्त आहे, त्याला तिसऱ्या क्रमांकावर ठेवणे भाग आहे.

मूळ मुद्द्याकडे येतो. 2020 हे महासाथीचे वर्ष होते, बहुतेक मुष्टियोद्ध्यांना दुसरी लढत मिळणेच कठीण होते, त्यामुळे ते उदाहरण 2023 ला लावता येत नाही. हॅगलरचे उदाहरण अधिक बळकट आहे. तरीही तेथे सन्मान विभागला गेला, ही गोष्टच दाखवते की एका लढतीवर निर्विवाद कौल देणे तेव्हाही जड गेले.

स्पेन्सबद्दल मला एक अप्रिय वाटेल असा प्रश्न विचारायचा आहे. 2019 मधील भीषण मोटार अपघात, 2021 मधील डोळ्याच्या पडद्याची दुखापत आणि एप्रिल 2022 नंतर पंधरा महिन्यांची विश्रांती, एवढे सारे झाल्यावर त्या रात्री रिंगणात उतरलेला स्पेन्स पूर्वीचाच होता का? फुल्टनबाबत अशी शंका कोणी घेतली नाही. उलट फेब्रुवारी 2025 मध्ये त्याने आणखी वरच्या फेदरवेट गटात ब्रँडन फिगेरोआला हरवून पट्टा मिळवला.

डावखुरा

स्पेन्स उतरणीला लागला होता हे सामन्यानंतर सुचलेले शहाणपण आहे. अपघातानंतर त्याने डॅनी गार्सियाला हरवले आणि क्युबाच्या योर्देनिस युगासला दहाव्या फेरीत थांबवले होते, आणि सामन्यापूर्वी त्याला संपलेला म्हणणारा आवाज मला तरी ऐकू आला नव्हता. क्रॉफर्डने त्याला इतके सहज हरवले म्हणून तो दुबळा ठरवायचा आणि मग दुबळ्याला हरवले म्हणून क्रॉफर्डचा विजय लहान करायचा, हा तर्क स्वतःभोवतीच फिरतो. आणि 2025 मधील फुल्टन पुराव्याला चालत असेल, तर त्याच वर्षी मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझला हरवून तिसऱ्या गटात निर्विवाद विजेता झालेला क्रॉफर्डही चालवून घ्यावा लागेल.

जुना प्रेक्षक

आपला हा आक्षेप रास्त आहे. 2025 दोन्ही बाजूंनी बाजूला ठेवू. पण मग 2023 काटेकोरपणे 2023 पुरतेच मोजू. जुलैनंतरच्या पाच महिन्यांत क्रॉफर्ड रिंगणात उतरला नाही. नोव्हेंबरमध्ये आयबीएफ या पट्टा देणाऱ्या संघटनेने त्याचा पट्टा काढून घेऊन जॅरॉन एनिसकडे सोपवला, हा संघटनांच्या राजकारणाचा भाग होता आणि त्याचा दोष मी क्रॉफर्डला देत नाही. मात्र त्याच पाच महिन्यांत इनोउएने दुसऱ्या विजेत्याशी सामना ठरवला, तयारी केली आणि तो जिंकला. तापालेस स्पेन्सएवढा मोठा नव्हता हे खरे, पण रिकाम्या तारखेपेक्षा तो नक्कीच मोठा होता.

डावखुरा

तापालेसची लढत आठवडाभर पुढे जाऊन जानेवारीत झाली असती, तर आपले मत काय असते?

जुना प्रेक्षक

तर क्रॉफर्ड. फुल्टन विरुद्ध स्पेन्स एवढीच तुलना उरली असती, आणि त्यात स्पेन्सवरील विजय मी कधीही वर ठेवीन.