आवृत्ती, पुनर्मुद्रण की नुसती प्रत? (एका ऑनलाइन गप्पांच्या धाग्यातून)

वाघूरकाठ : आमच्या गावच्या वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीत यंदा मला घुसवलंय. पोरं यावीत म्हणून जुने सुपरहिरो कॉमिक्स घ्यायचं ठरलं. मी हौसेने यादी केली आणि तिच्यात स्पायडरमॅनच्या पहिल्या कथा पाच ओळींत पाच वेळा आल्या. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सारला. "एकच पुस्तक पाचदा?" म्हटलं, "आवृत्त्या वेगळ्या आहेत, त्यातली एक निवडायचीय." "गोष्ट बदलली?" "नाही." "चित्रं?" "तीच." "मग आवृत्ती कशी झाली?"

बोलती बंद झाली माझी. दाखल नोंदवहीत 'आवृत्ती' हा एकच रकाना आहे. त्यात लिहू काय? पुनर्मुद्रण? संस्करण? आणि मूळ अंक जाहिरातींसकट जसाच्या तसा पुन्हा छापतात, त्याला मराठीत काय म्हणावं?

छापखान्यातला : भाऊ, अध्यक्ष बरोबर आहेत. मजकुराला हात न लावता पुन्हा छापलं की पुनर्मुद्रण. मजकुरात भर घातली, चुका काढल्या, की नवी आवृत्ती. जुन्या पुस्तकांवर 'सुधारून वाढविलेली आवृत्ती' असं ठसठशीत छापलेलं असायचं ते याचसाठी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. १८३१चा पहिला, १८५७चा सुधारून वाढवलेला, म्हणून ती दुसरी आवृत्ती. पुढे १९७५ मध्ये पुण्यात निघाला तो या दुसरीचंच पुनर्मुद्रण, तिसरी आवृत्ती नव्हे.

हा भेद पुसला तो आपल्याच प्रकाशकांनी. हजार प्रती संपल्या, पुन्हा हजार काढल्या, की 'दुसरी आवृत्ती'. जाहिरातीला बरं दिसतं ना! शब्दालाही पुरता दोष देता येत नाही म्हणा. 'आवृत्ती' म्हणजे मुळात फिरून येणं, अथर्वशीर्षाची आवर्तनं म्हणतो तेच. आवर्तनात अक्षर बदलत नाही. म्हणजे व्युत्पत्ती पुनर्मुद्रणाच्या बाजूने आणि रूढी दुसऱ्या बाजूने. मी रूढी धरतो.

केळीबाग : भो, मधेच एक. 'प्रत' विसरू नका. आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात प्रत म्हणजे मालाचा दर्जा. घडाची प्रतवारी केल्याशिवाय गाडी भरत नाही. पुस्तकाची प्रत आणि केळीची प्रत, शब्द एकच. अमेरिकेत जुन्या कॉमिक्सची प्रतवारीच करतात, ०.५ ते १० गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद! तेव्हा 'उत्तम प्रतीची प्रत' हे आमच्या मते बिलकूल द्विरुक्ती नाही.

गिरणाई : 'संस्करण' बद्दल. भुसावळ स्टेशनच्या स्टॉलवर हिंदी पुस्तकं घेतलेल्या प्रत्येकाच्या तोंडात हा शब्द बसलाय. हिंदीत तो सरळ आवृत्तीला म्हणतात. मराठीत मात्र त्यात 'संस्कार' ऐकू येतो. काहीतरी प्रक्रिया झाली, रंग चढवला, साफ केलं. मला वाटतं कॉमिक्ससाठी तोच उपयोगी पडेल, कारण तिथे गोष्ट तीच राहते आणि संस्कार रंगावर होतात.

दादांच्या पेटीत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे काही अंक अजून आहेत, वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे. आजी त्यांना पोथीच म्हणायची. "वेताळनी पोथी कोठे शे?" असं विचारत पेटी उघडायची. परवा एक काढला. कागद कडेने तांबूस, हाताला किंचित खरखरीत. डोळ्याजवळ धरला तर वेताळाच्या गालावर रंग नाहीच, नुसते बारीक लाल ठिपके; हात लांब केला की त्वचेचा रंग तयार! वर्तमानपत्री कागद शाई पितो, म्हणून मूळचे भडक रंग त्यावर मवाळ पडतात. रंगवणाऱ्यांनी हे धरूनच रंग निवडलेले असत. तेच रंग तसेच्या तसे पांढऱ्याशुभ्र चकचकीत कागदावर छापले की बैलपोळ्याच्या बैलासारखे दिसतात. म्हणजे 'काही बदललं नाही' असं प्रामाणिकपणे म्हणूनही सगळं बदलतं.

आणि मुद्दाम बदलतात तेही आहेच. बॅटमनचं 'द किलिंग जोक' १९८८ मध्ये आलं तेव्हा रंग जॉन हिगिन्सचे होते. २००८च्या पुस्तकात चित्रकार ब्रायन बोलंडने ते स्वतः नव्याने केले. मूळ रंग झगझगीत, नवे थंड आणि करडे. संवादात फरक नाही. याला तुम्ही पुनर्मुद्रण म्हणाल, छापखानेदादा?

छापखान्यातला : नाही म्हणणार. तिथे आवृत्तीच. 'मजकूर' म्हणताना माझ्या डोक्यात फक्त अक्षरं होती. चित्रकथेत रंगही मजकूरच. हरलो, ताई.

इंद्रजालचा विषय काढलात म्हणून : त्यांनी तर अक्षरांनाही हात लावला होता. १९६४ मध्ये सुरू झाले तेव्हा वेताळाच्या जंगलाला मूळ कथेत 'बेंगाली' असं नाव होतं. आपल्याकडे भलताच अर्थ लागायचा, म्हणून त्याचं 'डेंकाली' केलं. 'सिंग' नावाच्या समुद्री चाच्यांचे 'सिंगा' झाले. पानं कमी म्हणून चौकटीही कापल्या. आम्ही ज्याला अस्सल समजून जपतो, ती मुळात सुधारलेली आवृत्तीच!

वाघूरकाठ : वा, हे माहीत नव्हतं. आता माझ्या पाच ओळी टाकतो, रकान्यात काय लिहायचं ते ठरवू.

स्पायडरमॅन पहिल्यांदा आला १९६२च्या 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकात. तो अंक पाचही पुस्तकांत आहे. पुढे त्याच्या स्वतःच्या मालिकेतले अंक : प्रकाशक मार्व्हलच्या 'मास्टरवर्क्स'च्या पहिल्या खंडात १ ते १०, पक्की बांधणी. 'मायटी मार्व्हल मास्टरवर्क्स'च्या पहिल्या खंडातही तेच, पण आकार लहान, ६ बाय ९ इंच. 'एपिक कलेक्शन'मध्ये १ ते १७, कागदी बांधणी. 'इसेन्शियल'मध्ये १ ते २०, पण सगळं काळंपांढरं. आणि 'ऑम्निबस'मध्ये १ ते ३८, म्हणजे मूळ चित्रकार स्टीव्ह डिट्कोने काढलेले सगळे. एवढा जाड की मांडीवर घेऊन वाचवत नाही.

छापखान्यातला : वाचनालयासाठी ऑम्निबस नको. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवलेले असले तरी दहा पोरांच्या हातून उलटा टाकला गेला की पाठ निघते. एपिक दोन घ्या त्याऐवजी. फाटलं तर एकच बदलावं लागेल.

गिरणाई : मला काळंपांढरं आवडेल. डिट्कोची रेघ तिथेच दिसते. पण पोरं हात लावणार नाहीत, खरंय.

आणि 'ऑम्निबस'ला मराठीत छान शब्द आहे, बाड. हाताने उतरवलेल्या पदांचं, अभंगांचं बांधलेलं बाड असायचं ना, तसंच.

तलाठी सजा : मूळ धाग्यातला शेवटचा प्रश्न राहिलाच की. जाहिरातींसकट जसाच्या तसा अंक. 'प्रतिकृती' म्हटलं की मातीचं किल्ल्याचं मॉडेल आठवतं. आमच्या खात्यात जुन्या कागदांवर शब्द सापडतो : 'असल बरहुकूम नक्कल'. म्हणजे मुळाप्रमाणे, कमी नाही जास्त नाही. 'नक्कल' नको, आता तिला बनावटचा वास येतो. सातबाऱ्याची नक्कल मागायला येणाराही हल्ली 'झेरॉक्स' म्हणतो. पण 'बरहुकूम' घ्या की. बरहुकूम प्रत.

केळीबाग : बरहुकूम भारी! पण त्यात साठ वर्षांपूर्वीच्या 'समुद्री माकडं' म्हणून पाकिटातून विकल्या जाणाऱ्या बारक्या कोळंबीच्या जाहिराती पण येतात का?

तलाठी सजा : त्या वगळल्या तर बरहुकूम कसलं?

वाघूरकाठ : ठरलं. एपिकचे पहिले दोन खंड आणि 'अमेझिंग फँटसी' १५ची एक बरहुकूम प्रत, काचेच्या कपाटात ठेवायला. रकान्यात एपिकपुढे 'पुनर्मुद्रण, रंग नव्याने' असं लिहिलं. ग्रंथपाल म्हणाले रकाना अरुंद आहे, 'पु. मु.' करा. मी केलं. अध्यक्षांनी वाचलं आणि विचारलं, "पु. मु. म्हणजे पुणे-मुंबई का?"