गावाचा पाण्याचा ताळेबंद झाला, पण पाणी वाटून कोण घेणार?

कोरडवाहू: पावसाळा सरला की आमच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. हिशोब सोपा आहे. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. त्याला पाऊस आणि शिवाराच्या क्षेत्राने गुणायचं, वाहून गेलेलं नि उडून गेलेलं वजा करायचं, उरलेल्यात माणसं, जनावरं आणि पिकं बसवायची. आकडे चावडीच्या भिंतीवर लागतात, आणि त्याच आठवड्यात कुणाच्या तरी रानात बोअरची गाडी उभी राहते. पाऊस आता चार दिवसांत कोसळतो आणि मग मोठा खंड पडतो. अशात नुसती माहिती वाटून भागणार नाही, पाणीही वाटून घ्यावं लागेल. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. हे आज का करू नये?

डाळिंबवाला: मला नाही पटत. बोअरसाठी कर्ज मी काढलं. कोरड्या गेल्या त्यांचे पैसे गावाने दिले का? उन्हाळ्यात टँकर घालून बाग मी जगवली. नायगावात सगळ्यांनी वर्गणी भरून सामूहिक उपसा योजना केली, म्हणून सगळ्यांचा वाटा. माझ्या रानातली बोअर गावाची कशी? हवामानाचा नेमका अंदाज द्या, ठिबकचं अनुदान वेळेवर द्या, बाकीचं मी बघतो.

कोरडवाहू: बोअर तुमची, हे मान्य. खालचं पाणी मात्र बांध ओळखत नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत नि झिजलेल्या थरात असतं, साठा मुळातच थोडा. तुम्ही 500 फूट गेलात की शेजाऱ्याची 40 फुटांची विहीर मार्चातच तळ दाखवू शकते. म्हणून तर राज्याच्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे.

माळरान: कायद्याचं नाव काढू नका, तो पाळतो कोण? गावाने स्वतः घातलेला नियम टिकतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात शेतीसाठी बोअर नाही, पाणी कमी असेल तर पिकं त्या बेताने. पण तिथे आधी पाणलोटाची कामं झाली, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली गेली. विहिरींना पाणी आलेलं दिसलं म्हणून लोकांनी बंधन सोसलं. कोरड्या गावात वाटणीची भाषा केली तर ग्रामसभा उधळेल.

शिवारफेरी: आणि भावाचं काय? उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, कायद्याने बांधलेली आहे. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र उघडेल याचा भरवसा नाही. कमी पाण्याचं पीक घेणारा तोट्यात जाणार असेल, तर त्याला ताळेबंद कितीही समजावा, तो ऊसच लावेल. मीही तेच करीन.

कोरडवाहू: भावाचा मुद्दा खरा आहे. पण तो सुटेपर्यंत उपसा थांबत नाही.

डाळिंबवाला: मग माझं म्हणणं ऐका. नवीन बोअर बंद करा, ग्रामसभेत पहिला हात माझा. चालू बागांना हात लावू नका. आणि मीटर बसवायचे असतील तर सुरुवात पुढाऱ्यांच्या मळ्यापासून करा.

कोरडवाहू: मीटरचं कबूल, पुढाऱ्यांपासूनच. पण नुसती नवीन बोअर बंद केली तर ज्यांच्याकडे आज पाणी आहे त्यांचंच कायम होतं. ज्याला रानच नाही, त्याचा वाटा कुठून काढायचा ते सांगा.