मदत हवी आहे: इंजेक्शनांनंतर पोट टम्म फुगलंय, किती दिवसांत उतरतं?

रेवती_कोथरूड (बुधवार, दुपारी २:१०)
मंडळी, पटकन सांगा. मूल राहावं म्हणून घ्यायची इंजेक्शनं झाली आणि पोट नुसतं टम्म झालंय. ओवा चावून झाला, बेंबीला हिंग लावून झाला, काही फरक नाही. सलवारीची नाडी सैल बांधली तरी कमरेवर वळ उठतोय. सुया टोचल्याच्या जांभळ्या टिकल्या आहेत त्या वेगळ्याच. दवाखान्यात फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, "होतं मॅडम असं." रविवारी घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, पन्नासेक बायका येणार, आणि सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. किती दिवस राहतं हे?

मृण्मयी_क
कसली इंजेक्शनं? आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडतात ते) की आयव्हीएफ (अंडी काढून बाहेर गर्भ करतात ते)? ट्रिगर, म्हणजे अंडी पिकवायचं शेवटचं इंजेक्शन, झालाय का? काहीच न सांगता कोण काय सांगणार?

शनिवारपेठी
उष्णता वाढलीय, दुसरं काही नाही. शतावरी कल्प दुधातून घ्या, रात्री कोमट पाण्यात चमचाभर तूप. आमच्या मेव्हणीला गुण आला.

गोदाक्का
मला लेट्रोझोल होतं, अंडी वाढवायची गोळी, २.५ मिग्रॅ, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस. डोकं ठणकायचं, अंगातून वाफा यायच्या, चिडचिड तर विचारू नका. एकदा पोह्यात मीठ नाही म्हणून नवऱ्यावर ओरडले. पोहे मीच केले होते. त्याआधी क्लोमिफीन होतं, त्याने डोळ्यांपुढे ठिणग्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केलं. डोळ्यांचं काही झालं तर अंगावर काढू नका ग.

रेवती_कोथरूड
गोदाक्का, माझ्या गोळ्या नाहीत हो, आयव्हीएफ आहे. पोटात घ्यायची इंजेक्शनं, दहा दिवस. संपली आता.

शनिवारपेठी
लेट्रोझोल हे कॅन्सरचं औषध आहे, हे डॉक्टर सांगतात का कोणाला?

मृण्मयी_क
माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्तनाच्या कर्करोगासाठीच आलं ते. इस्ट्रोजेन कमी होतं, मग मेंदू बीजकोशांना जास्त जोर लावायला सांगतो, म्हणून इथे पाचच दिवस देतात. पण तिने ते घेतलेलंच नाही, तर इथे कशाला?
रेवती, "संपली" म्हणजे काय? अंडी काढून झाली? कधी? किती निघाली?

वैभव_हिंजवडी
बायकोला इंजेक्शनं मीच द्यायचो. फ्रीजमधली सुई तशीच गार टोचू नका, पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, कमी झोंबतं. नंतर गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉनची तेलातली कमरेखाली देतात, त्याच्या गाठी होतात. गरम पाण्याची पिशवी ठेवायची. आणि साठा संध्याकाळीच आणून ठेवा, आमच्या मेडिकलवाल्याची १ ते ४ ची वामकुक्षी काही चुकत नाही.

शनिवारपेठी
१ ते ४ वर पुणेकरांनीच पुणेकरांना बोललेलं चालतं. हिंजवडी पुण्यात कधीपासून?

रेवती_कोथरूड
वाद नंतर घाला हो. अंडी परवा काढली, सोमवारी. २२ निघाली, डॉक्टर खूश होते. शनिवारी गर्भ गर्भाशयात सोडायचा आहे. हो, पीसीओडी (बीजकोशात बारीक गाठी) आहे मला, सांगायचं राहिलं. दुखत होतं म्हणून काल दाढेसाठी आणलेल्या आयबुप्रोफेनच्या दोन गोळ्या घेतल्या.

मृण्मयी_क
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस ग बाई. आता तीनच गोष्टी सांग. वजन किती वाढलं? लघवी किती वेळा झाली? आडवं झाल्यावर धाप लागते का?

सदाशिव_जोशी
एवढे हाल करून घेण्यापेक्षा दत्तक घ्यावं, असं माझं प्रामाणिक मत.

गोदाक्का
जोशीबुवा, तुम्हाला विचारलं कोणी?

रेवती_कोथरूड
काल सकाळी ५८.२, आत्ता ६०.४. काटा बिघडलाय वाटून दोनदा उभी राहिले. लघवी सकाळपासून एकदाच, कोऱ्या चहासारखी. उशांना टेकून बसलं की बरं वाटतं, आडवं झालं की दम लागतो.

मृण्मयी_क
आत्ता निघ. ओपीडी नाही, कॅज्युअल्टी. मी नर्स नाही, पण या फेऱ्यातून गेलेय. याला ओएचएसएस म्हणतात, म्हणजे औषधांनी बीजकोश प्रमाणाबाहेर चेतवले जाणं. एचसीजी या संप्रेरकाच्या ट्रिगरनंतर सुजलेल्या बीजकोशांमुळे रक्तातलं पाणी झिरपून पोटात साठतं, रक्त घट्ट होतं. पीसीओडी आणि इतकी अंडी, म्हणजे धोका जास्त. ट्रिगर कशाचा होता ते फाइलवर असेल, फाइल बरोबर ने. आयबुप्रोफेन आता नको, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि घेतलंस हे तिथे सांग. स्कूटरवरून जाऊ नकोस. गचके बसून बीजकोशाला पीळ पडला तर वेगळीच आफत.

शनिवारपेठी
उगाच घाबरवू नका तिला. पोट तर सगळ्यांचंच फुगतं.

मृण्मयी_क
थोडं फुगणं सगळ्यांचंच. एका दिवसात दोन किलो आणि लघवी बंद, हे सगळ्यांचं नाही. तूप तुम्ही खा.

वैभव_हिंजवडी
रिक्षा बोलवा, नवऱ्याची वाट बघू नका.

रेवती_कोथरूड (सोमवार, सकाळी ११:३०)
कालच घरी आले. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, म्हणून चार दिवस ठेवून घेतलं. सलाइन, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन, आणि रोज पोटाचा घेर टेपने मोजायचा. वजन ५९ वर आलंय. शनिवारचं रद्द केलं, गर्भ गोठवून ठेवलेत. आत्ता दिवस राहिले असते तर हाच त्रास वाढून लांबला असता म्हणे. पुढच्या वेळी ट्रिगर दुसरा देऊ म्हणाले. पहिल्यांदाच का नाही, हे विचारायचं राहिलं, पुढच्या भेटीत विचारणार.
सासूबाईंना सांगावंच लागलं. हळदीकुंकू त्यांनी एकटीने उरकलं आणि रात्री आंब्याच्या डाळीचा डबा पुढे केला. डॉक्टरांनी प्रथिनं खा म्हटलंय ना, मग ही घे म्हणाल्या.
मृण्मयी, तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

शनिवारपेठी
बरं झालं. आता अशक्तपणा जायला शतावरी...

मृण्मयी_क
तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करायचं नाही, रेवती.

नवी_सून_२
सासूबाईंना विचाराल का, आंब्याच्या डाळीला हरभऱ्याची डाळ किती तास भिजवतात? माझी दर वेळी पाणचट होते.