मदत हवी आहे: घरामागे येणाऱ्या 31 मजली इमारतीला हरकत घ्यायची आहे, मुद्दे टिकतील असे कसे मांडावेत?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरामागच्या मोकळ्या भूखंडावर 31 मजली निवासी इमारतीचा प्रस्ताव आला आहे. उंची साधारण 100 मीटर, खाली तीन तळघरं. आजूबाजूला बहुतेक एक-दोन मजली घरं आणि काही जुन्या चार मजली इमारती आहेत. जाहीर सूचना लागली आहे. हरकती लेखी द्यायच्या आहेत आणि त्यानंतर सुनावणी होईल. सुनावणी व्हायची असल्यामुळे शहराचं आणि विकसकाचं नाव इथे देत नाही.

गल्लीतल्या सगळ्यांनी बसून हरकतींची यादी केली. "आमच्या गच्चीवरून दिसणारं सगळं झाकलं जाईल", "घरांच्या किमती पडतील", "कसले लोक राहायला येतील कोण जाणे" हेही त्यात आलं. शेवटचं वाक्य मी अर्जात येऊ देणार नाही, हे तिथेच सांगून टाकलं. तिथे राहायला येतील ती आपल्यासारखीच घर शोधणारी माणसं असतील, आणि घरं कमी पडतात हे मलाही दिसतं. भूखंड कायम रिकामा ठेवा असं आमचं म्हणणं नाहीच. जे बांधाल त्याचा भार रस्त्याला, जमिनीला आणि आसपासच्या घरांना पेलला पाहिजे, आणि तो पेलतो हे विकसकाने आकड्यांनी दाखवलं पाहिजे. गच्चीवरून काय दिसतं आणि घराला काय भाव येतो या गोष्टी नियोजनाच्या निर्णयात सहसा मोजल्या जात नाहीत, म्हणून त्याही मागे ठेवाव्यात असं मला वाटतं. काही शेजारी त्यावरून नाराज आहेत.

सगळ्यात जास्त वेळ मी सावलीच्या अहवालावर घालवला. जोडलेल्या नकाशांत फक्त 21 मार्चची सावली दाखवली आहे, तीही दुपारी बारा आणि दोनची. उत्तर गोलार्धात त्या दिवशी माध्यान्हीच्या सूर्याची उंची म्हणजे 90 अंशांतून अक्षांश वजा केल्यावर उरतं ते. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी त्यातून आणखी साडेतेवीस अंश कमी होतात. याचा परिणाम केवढा होतो पाहा. 20 अक्षांशावर 100 मीटर उंच इमारतीची माध्यान्हीची सावली मार्चमध्ये 36 मीटर असते आणि 21-22 डिसेंबरला 95 मीटर. 40 अक्षांशावर हेच आकडे 84 आणि 200 मीटर होतात. ही झाली दिवसातली सर्वांत आखूड सावली, सकाळी नऊची याहून कितीतरी लांब. ज्या महिन्यांत घरात ऊन हवंसं असतं, नेमके तेच महिने अहवालातून गळले आहेत. जपानने 1976 मध्ये इमारत कायद्यात सावलीचे नियम आणले तेव्हा मोजणीला हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस धरला, सकाळी आठ ते दुपारी चार. मग इथे एकटा मार्चच का?

वाऱ्याबद्दल प्रस्तावात एक ओळही नाही. उंचावरचा जोराचा वारा इमारतीच्या सपाट अंगावर आदळून खाली वळतो आणि कोपऱ्यांपाशी त्याचा वेग वाढतो, एवढं मला समजलं आहे. इंग्लंडमध्ये लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस या 112 मीटर उंच इमारतीपाशी 2011 मध्ये वाऱ्याने मालट्रक उलटून एका पादचाऱ्याचा जीव गेला. नंतर तिथे रस्त्यावर वारा अडवणारे मोठे पडदे उभारावे लागले. इमारत आधीच उभी राहिलेली होती, म्हणून उपाय मागून आले. आमच्या प्रस्तावित इमारतीच्या कोपऱ्यावरूनच मुलांचा शाळेचा रस्ता जातो.

रहदारीची मोजणी शाळांच्या सुट्टीत केलेली आहे. तारीख अहवालातच छापली आहे, त्यामुळे यावर फार बोलायला नको. फेरमोजणी मागणार आहोत.

आगीच्या बाबतीत मी खरंच घाबरलेली आहे. बहुतेक अग्निशमन शिडीगाड्या तीसेक मीटरपर्यंत पोहोचतात. त्यावरच्या मजल्यांची सुरक्षा इमारतीतल्या यंत्रणांवर, जिन्यांवर आणि बाहेरच्या आवरणाच्या साहित्यावर अवलंबून असते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 च्या आगीत 72 माणसं गेली. तिथे आग पसरली ती बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे. इमारत 24 मजल्यांची होती. आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, मोठा बंब वळवायलाच जागा नाही. हा मुद्दा तिथे राहायला येणाऱ्यांच्या जिवाचा आहे, म्हणून तो अर्जात सगळ्यात वर असावा असं माझं मत आहे.

आता अडचणी. तीन तळघरांच्या खोदाईने आमच्या जुन्या घरांना तडे गेले, तर ते खोदाईनेच गेले हे नंतर सिद्ध कसं करायचं? आधीच काय मागून घ्यावं? दुसरं, एकच सामूहिक अर्ज द्यावा की प्रत्येकाने वेगळा? छापील मजकुरावर सह्या घेतल्या तर त्याला किंमत असते का? आणि तिसरं सगळ्यात अवघड आहे. विकसकाची माणसं घरोघरी जाऊन एकेकाला वेगवेगळी आश्वासनं देत आहेत, कुणाला कुंपणाची भिंत, कुणाला वाहनतळात जागा. लोक एकत्र कसे ठेवायचे? अनुभवी आणि माहितगार मंडळींनी कृपया लिहावं.

प्रतिसाद

ताई, मी पायाच्या कामातला अभियंता आहे, म्हणून खोदाईपुरतंच लिहितो.

पहिला कुदळीचा घाव पडण्याआधी आजूबाजूच्या प्रत्येक घराची स्थितीनोंद झाली पाहिजे. प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो, असलेल्या तड्यांची लांबी-रुंदी, फरशीची पातळी, दारं-खिडक्या नीट लागतात का, सगळं. ही नोंद विकसकाच्या खर्चाने पण त्रयस्थ अभियंत्याकडून व्हावी आणि एक सही केलेली प्रत घरमालकाकडे राहावी. हा कागद नसेल तर पुढे "तडा जुनाच होता" या वाक्याला तुमच्याकडे उत्तर नसतं. जुन्या तड्यांवर मोजपट्ट्या बसवून घ्या, म्हणजे तडा वाढला तर मिलिमीटरमध्ये कळेल.

तड्यांपेक्षाही मला काळजी पाण्याची वाटते. तीन तळघरं म्हणजे खड्डा बहुधा भूजलाच्या पातळीखाली जाणार, आणि तो कोरडा ठेवायला रात्रंदिवस पाणी उपसावं लागणार. खड्ड्यातलं पाणी काढलं की भोवतालच्या जमिनीतलीही पातळी उतरते. माती चिकण असेल तर पाणी गेल्यावर ती दबते आणि वरची घरं खचतात, तीही सारखी नाही, खड्ड्याकडची बाजू जास्त. तडे पडतात ते या असमान खचण्याने. आसपास विहिरी असतील तर त्याही आटू शकतात. म्हणून मृदा-परीक्षणाचा पूर्ण अहवाल मागा, खड्ड्याबाहेर भूजल मोजणाऱ्या नळ्या मागा, आणि पातळी ठरलेल्या मर्यादेखाली गेली तर उपसा थांबेल अशी अट परवानगीतच घालायला सांगा. खड्ड्याच्या कडेने बांधायची आधाराची भिंत पाणी अडवणारी असेल तर धोका बराच कमी होतो. ती कोणत्या प्रकारची आहे हे विचारा.

हादऱ्यांसाठी जर्मन मानक डीआयएन 4150 पुष्कळ ठिकाणी संदर्भाला घेतात. कमी वारंवारतेच्या हादऱ्यांसाठी साध्या निवासी घरांच्या पायापाशी कंपनाचा वेग सेकंदाला 5 मिलिमीटर आणि नाजूक जुन्या वास्तूंसाठी 3 मिलिमीटर ही मार्गदर्शक मर्यादा आहे. "हादरे बसू नयेत" असं लिहिलं तर कुणी काही करणार नाही. "मर्यादा ही, मोजणारं यंत्र आमच्या भिंतीला, नोंदी रोज आम्हाला" असं लिहा.

प्रतिसाद

सावलीच्या मुद्द्यात एक सांभाळा. 21 मार्च धरणं ही लबाडीच असेल असं नाही. ब्रिटनमधल्या सल्लागारांच्या नेहमीच्या मार्गदर्शिकेत बागेच्या निम्म्या भागाला 21 मार्चला किमान दोन तास ऊन मिळावं असा निकष आहे. तुमचा आक्षेप "फक्त एक दिवस आणि फक्त दोन वेळा" यावर ठेवा.

आणि सावली लांब पडते एवढ्यावर थांबू नका, कारण सडपातळ मनोऱ्याची सावली लांब असली तरी लवकर सरकते. 30 मीटर रुंद मनोरा 100 मीटरवरच्या घराचं ऊन साधारण तासभर अडवेल. तेवढंच क्षेत्र भिंतीसारख्या लांबलचक इमारतीत बसवलं तर दुपार जाऊ शकते. हे विकसकाच्या सल्लागाराला माहीत असतं आणि सुनावणीत तो तेच म्हणेल. म्हणून कोणत्या घराच्या कोणत्या खिडकीचं कोणत्या महिन्यात किती तास ऊन जातं, असा तक्ता मागा.

उंची कमी करा म्हणताना पर्यायही द्या. दाट वस्तीला मनोरेच लागतात असं नाही. पॅरिसमध्ये बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्या आहेत आणि तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये 20,000 च्या आसपास लोक राहतात. मात्र तुमच्या भूखंडावर तेवढंच चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ) कमी उंचीत बसवलं तर मोकळी जागा कमी होईल. ते तुमच्या लोकांना चालेल का, हे आधी आपसात ठरवा. नाहीतर सुनावणीत तुमच्यातलेच दोघं एकमेकांविरुद्ध बोलतील.

प्रतिसाद

आमच्याकडे असाच लढा झाला, त्यातून सांगते. छापील मजकुरावरच्या शंभर सह्या बहुतेक वेळा एक हरकत म्हणून मोजल्या जातात. एक सामूहिक अर्ज तांत्रिक मुद्द्यांसह द्या, आणि शिवाय प्रत्येक घराने आपल्या शब्दांत आपल्या घरापुरतं अर्धं पान लिहावं. घर खड्ड्यापासून किती अंतरावर, बांधकाम किती जुनं, घरात आजारी किंवा वृद्ध कोण. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

आश्वासनांचं म्हणाल तर लोकांवर चिडू नका. भिंत हवी असणं हा गुन्हा नाही. आम्ही ठरवलं की ज्याला जे आश्वासन मिळालं ते त्याने सगळ्यांसमोर सांगायचं, आणि आम्ही ती सगळी एका कागदावर लिहून "हे सर्वांना लेखी द्या" म्हणून पाठवून दिली. त्यानंतर घरोघरी येणं थांबलं.

मुळात नियमाचा भंग आहे का ते आधी शोधा, बाकी सगळं नंतर. नोएडाचे जुळे मनोरे शेजारच्या रहिवाशांनीच कोर्टात नेले होते. दोन इमारतींमधलं किमान अंतर सोडलं नव्हतं आणि रहिवाशांची संमती घेतली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2021 ला पाडण्याचा आदेश कायम केला आणि 28 ऑगस्ट 2022 ला ते पाडले गेले. न्यूयॉर्कमध्ये तर चुकून दिलेल्या परवानगीवर उभ्या राहिलेल्या 31 मजली इमारतीचे वरचे 12 मजले 1993 मध्ये उतरवावे लागले. परवानगीचा कागद हातात आहे म्हणून बेकायदा मजला कायदेशीर होत नाही. पण दोन्हीकडे वर्षानुवर्षं गेली. तुमच्याकडे अजून काहीच उभं राहिलेलं नाही, तेव्हा रस्त्याची रुंदी, सोडायचं अंतर आणि परवानगीयोग्य उंची हे तीन आकडे नियमावलीशी आत्ताच ताडून पाहा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. सावलीबद्दलचं वाचून मी अर्जातला तो भाग पुन्हा लिहायला घेतला आहे. पर्यायी आराखड्यावर या रविवारी सगळ्यांना विचारणार. रस्त्याची रुंदी प्रस्तावात लिहिली आहे तेवढी प्रत्यक्षात दिसत नाही, टेप घेऊन जागोजागी मोजून फोटो काढतो.

एक प्रश्न उरतोच. वाऱ्याचा अभ्यास मागताना तो इमारतीची छोटी प्रतिकृती वारा सोडण्याच्या बोगद्यात ठेवून झाला पाहिजे असा आग्रह धरावा, की संगणकावरचा अभ्यास पुरेसा मानावा? आणि तो करणारा तज्ज्ञ विकसकाने निवडला तर त्याची तपासणी प्राधिकरणाने दुसऱ्याकडून करून घ्यावी, अशी मागणी कुणी मान्य करून घेतली आहे का? तशा अटीचा नेमका मजकूर कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका, मुदत संपायच्या आत अर्जात घालता येईल.