लाडबोरीत कडं पडलं होतं. उपग्रह-दुरुस्तीवर खर्च करावा का?

धानकरी_सिंदेवाही
२ एप्रिल २०२२ ला रात्री आकाशातून जळत्या रेघा गेल्या अन् आमच्या तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलं मोठं कडं पडलं. चिनी रॉकेटचं असावं, असं जाणकार म्हणाले. घरावर पडलं असतं तर? तेव्हापासून हा विषय वाचतो आहे. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोनं स्पेडेक्सचे दोन उपग्रह वरच्या वर जोडले, पुढे एकातून दुसऱ्यात वीजही नेली. आता वरच इंधन भरणं, मेलेले उपग्रह ओढून नेणं यावर पैसा लावावा, असं माझं ठाम मत आहे.

पऱ्हाटी_यवतमाळ
भाऊ, ते कडं रॉकेटचं. इंधन भरायची सोय असती तरी पडलंच असतं. त्यावर उपाय म्हणजे ज्यानं सोडलं त्यानंच नीट खाली आणावं. स्पेडेक्स नेणाऱ्या रॉकेटचा शेवटचा टप्पा इस्रोनं मुद्दाम खालच्या कक्षेत आणला, मग तो ४ एप्रिल २०२५ ला हिंद महासागरावर येऊन संपला. हे सगळ्याच देशांना बंधनकारक करा.
अन् पैशाचं म्हणाल, तर इन्सॅट हा हवामानाचा उपग्रह नुसते ढग दाखवतो. पाऊस मोजणारं यंत्र माझ्या वावरापासून ११ किलोमीटरवर हाय. मागच्या जुलैत तिकडे रिपरिप, इकडे पऱ्हाटी खरडून गेली. विम्याला तिथलाच आकडा धरला. आधी ते यंत्र द्या.

धानकरी_सिंदेवाही
कड्याचं तुमचं बरोबर, मी दोन गोष्टी एकत्र केल्या. पण ढग दाखवणारा इन्सॅट-३डीआर २०१६ चा आहे. ३६,००० किलोमीटरवर जागा धरून राहायला इंधन लागतं. ते संपलं की कॅमेरा धड असूनही उपग्रह बाद. २००१ च्या इंटेलसॅट-९०१ या दळणवळण उपग्रहाला अमेरिकेच्या एमईव्ही-१ या यानानं फेब्रुवारी २०२० मध्ये धरलं अन् पाच वर्षं आणखी चालवलं.

पऱ्हाटी_यवतमाळ
त्यात इंधन भरलं नव्हतं. इंजिनाच्या नळकांड्यात दांडा घालून धरलं अन् स्वतःच्या इंजिनानं सांभाळलं. एका उपग्रहासाठी एक अख्खं यान! त्यापेक्षा नवा सोडा.

मास्तरीण_आरमोरी
दादा, तेच यान एप्रिल २०२५ मध्ये त्याला निवृत्तीच्या कक्षेत सोडून मोकळं झालं, पुढच्या कामासाठी. जपानच्या अ‍ॅड्रास-जे यानानं तर २०२४ मध्ये जुन्या रॉकेट-टप्प्याच्या १५ मीटर जवळ जाऊन पाहणी केली. आधीच वर फिरणाऱ्या अशा सांगाड्यांना नियम काय करणार? ते कोणीतरी जाऊनच आणावे लागतील.

पऱ्हाटी_यवतमाळ
ताई, सांगाड्यांचं पटलं. पावसाच्या यंत्रावरून मात्र मी हटणार नाही.