पडताळा न मिळालेल्या सिद्धान्ताचा प्रभाव कशाने मोजायचा? – सुपरग्रॅव्हिटीच्या निमित्ताने
(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

परिघावरून
१९७६ साली डॅनियल फ्रीडमन, सर्जिओ फेरारा आणि पीटर व्हान न्यूवेनहाउझन यांनी सुपरग्रॅव्हिटीचा सिद्धान्त मांडला. आइन्स्टाइनच्या गुरुत्वसिद्धान्ताला सुपरसिमेट्रीची, म्हणजे प्रत्येक कणाला वेगळ्या फिरकीचा (स्पिनचा) जोडीदार असतो या कल्पनेची, जोड देणाऱ्या या रचनेत ग्रॅव्हिटॉनला, म्हणजे गुरुत्वाच्या कल्पित कणाला, ३/२ फिरकीचा ग्रॅव्हिटिनो हा जोडीदार मिळतो. या कामासाठी २०१९ साली तिघांना मिळून ३० लाख डॉलरचा विशेष ब्रेकथ्रू पुरस्कार देण्यात आला. ग्रॅव्हिटिनो तेव्हाही दिसलेला नव्हता आणि आजही दिसलेला नाही, सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला, पण सुपरसिमेट्रीने सांगितलेला एकही जोडीदार कण सापडला नाही. माझ्या मते शोधनिबंधांना मिळणारे सायटेशन, म्हणजे इतर संशोधकांनी त्यांचे दिलेले संदर्भ, हा एखादे काम किती जणांना उपयोगी वाटले याचा पुरावा आहे, निसर्ग तसा आहे याचा नाही. १९८० साली खुद्द स्टीफन हॉकिंग यांनी केंब्रिजमधील व्याख्यानात एन बरोबर आठ ही सुपरग्रॅव्हिटी (सर्वाधिक सुपरसिमेट्री असलेला तिचा प्रकार) अंतिम सिद्धान्त ठरू शकेल अशी आशा व्यक्त केली होती. ती आशा फळली नाही, तरी प्रभावाच्या खात्यात ती जमेच्याच बाजूला लिहिली जाते.

आडवा छेद
कण सापडला की नाही एवढाच निकष लावला, तर फेरारा यांचे पुढचे काम हिशेबातच येत नाही. १९९५ साली त्यांनी रेनाटा कॅलॉश आणि अँड्र्यू स्ट्रॉमिंजर यांच्यासह असे दाखवले की विशिष्ट कृष्णविवरांच्या क्षितिजाशी, म्हणजे जिच्या आतून काहीच बाहेर येत नाही त्या सीमेशी, भौतिक क्षेत्रांची (फील्ड) मूल्ये दूरच्या परिस्थितीवर अवलंबून न राहता केवळ कृष्णविवराच्या विद्युतभारासारख्या भारांनी (चार्ज) ठरतात. त्यामुळे अशा कृष्णविवराची एन्ट्रॉपी (त्याच्या आतल्या संभाव्य अवस्था किती याचे माप) मोजता येण्याजोग्या पूर्णांकांशी जोडली जाते, आणि लगेच पुढच्या वर्षी स्ट्रॉमिंजर व कुमरुन वाफा यांनी स्ट्रिंग सिद्धान्तातून (कण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपने मानणाऱ्या सिद्धान्तातून) ती मोजणी प्रत्यक्ष करून, क्षितिजाच्या क्षेत्रफळावरून एन्ट्रॉपी सांगणाऱ्या बेकेन्स्टाइन-हॉकिंग सूत्राशी जुळवून दाखवली. आपल्या गारगोटीचे अतीश दाभोलकर यांनी २००४ साली हीच मोजणी अधिक काटेकोर केली. एन्ट्रॉपीचे सूत्र सत्तरच्या दशकापासून ठाऊक असूनही ते नेमके कशाची गणती करते याचे उत्तर नव्हते, आणि ते उत्तर निदान काही कृष्णविवरांपुरते मिळाले, ते या मार्गाने.

कंसाबाहेर
ज्या कृष्णविवरांसाठी ही मोजणी जुळली, ती कमाल भार असलेली आणि सुपरसिमेट्री पाळणारी आहेत. आकाशात तशी आढळत नाहीत. पंगत आपली, वाढपी आपलेच आणि जेवणारेही आपलेच, अशा वेळी जेवण उत्तम झाल्याची ग्वाही बाहेरच्याने का मानावी?

आडवा छेद
मग बाहेरच्या पंगतीचेच सांगतो. एन बरोबर आठ सुपरग्रॅव्हिटीत अनंत राशी (उत्तर निरर्थक करणारी अनंत मूल्ये) गणिताच्या कितव्या पायरीवर डोके वर काढतात हे तपासण्यासाठी झ्वी बर्न आणि सहकाऱ्यांनी २००९ साली चार लूपपर्यंतचे, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंतचे, गणित पूर्ण केले, आणि अनंत राशी आली नाही. त्या खटाटोपात घडवलेली हत्यारे घेऊन बर्न यांच्याच गटाने २०१९ साली दोन कृष्णविवरांच्या परस्परक्रियेचे गणित न्यूटनच्या गुरुत्वस्थिरांकाच्या तिसऱ्या घातापर्यंत, म्हणजे आधीपेक्षा अधिक अचूकतेपर्यंत, नेले. गुरुत्वलहरींचे संकेत ओळखण्यासाठी असे अचूक गणित लागते, आणि हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेलाही ते लागेलच.

परिघावरून
ही हत्यारे मुळात ग्लुऑनच्या (क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणांच्या) टकरी मोजण्यासाठी, म्हणजे कोलायडरच्या रोजच्या कामासाठी घडली होती. सुपरग्रॅव्हिटी ही त्यांची तालीम ठरली. तालमीत घाम गाळला म्हणून कुस्तीचे बक्षीस तालमीच्या मालकाला देत नाहीत. २०१९चे ते गणितही साध्या आइन्स्टाइनच्या गुरुत्वातले होते, त्यात ग्रॅव्हिटिनो कुठेही नाही.

तिसरा घात
तालमीची उपमा मान्य आहे, पण पुढे काय झाले तेही पाहावे. २०१९च्या उत्तरात अतिउच्च ऊर्जेला लॉगॅरिदमचे एक पद अमर्याद फुगत होते आणि उत्तर बरोबर की चूक यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. २०२० साली पाओलो दी वेक्किया, गॅब्रिएले व्हेनेझियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न आधी एन बरोबर आठ सुपरग्रॅव्हिटीत सोडवला, कारण तिथे आकडेमोड सुटसुटीत होते. गुरुत्वलहरींच्या उत्सर्जनाचा परिणाम पूर्णपणे धरला की ते लॉगॅरिदमचे पद नाहीसे होते, आणि अतिउच्च ऊर्जेच्या त्या मर्यादेत उत्तर सिद्धान्तातील इतर कणांवर अवलंबून राहत नाही, असे त्यातून दिसले. खऱ्या गुरुत्वाविषयीचा वाद न दिसलेल्या कणांच्या सिद्धान्ताने सोडवायला मदत केली. हे सायटेशनच्या आकड्यात बसत नाही आणि ‘कण सापडला नाही’ या वाक्यातही बसत नाही.

परिघावरून
हे उदाहरण मला ठाऊक नव्हते आणि ते वजनदार आहे. तरीही पुरस्कार १९७६च्या निसर्गविषयक प्रस्तावाला दिला गेला, २०२०च्या सोयीच्या गणिताला नव्हे, एवढा माझा आक्षेप मी राखून ठेवतो.